मोठी टिकली

माझ्या कपाळाच्या मधोमध आजही एक फिकट गोल डाग आहे. आरशात दिसला की सासूबाई आठवतात आणि मन भरून येतं.

सुरुवात नुसत्या खाजेनं झाली. मग कातडी लाल झाली, पापुद्रे सुटले, पाणी यायला लागलं. मी शहाणीनं काय करावं? डाग झाकायला मोठी टिकली लावली. डाग टिकलीबाहेर आला की त्याहून मोठी. पाटोद्याच्या बाजारातली टिकल्या विकणारी बाई हसली, "यापरीस मोठी न्हाई बाई, आता ताटलीच चिकटव!" पुढं कडेनं पांढरं दिसायला लागलं, तेव्हा मात्र मी बीडची एसटी धरली. कोडच आलं, असं मी धरूनच चालले.

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी टिकली काढायला लावली, भिंगातून पाहिलं. "अंगावर आणखी कुठं आहे?" कुठंच नव्हतं. "मग टिकलीच्या गमाची ॲलर्जी आहे ही. इसबाचाच प्रकार. रंगही गमानंच उडालाय, हळूहळू बराचसा भरेल." सकाळ-संध्याकाळ पातळ लावायचं मलम दिलं, तेही दहाच दिवस. "पण टिकली कायमची बंद. आणि बरं होईपर्यंत कुंकूही नको."

कोड नाही याचा आनंद दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंतच टिकला. नवरा उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्याकडं गेलेला, रोज रस्त्यावर. अशात मी मोकळ्या कपाळानं राहायचं? शिकलेली असूनही जीव धजेना. एसटीतून उतरायच्या आधीच टिकली परत लावली, मलम पिशवीतच राहिलं. आठवड्यात डाग चिघळला.

सासूबाई म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. त्यांनी हात धरून मला समोर बसवलं.

"डॉक्टरीण काय म्हणली?"

मी सगळं सांगितलं.

"मग काढीनास कावून?"

"यांना काही झालं तर?" मी रडायलाच लागले.

त्यांनी नखानं अलगद माझी टिकली काढली. त्यांचं स्वतःचं कपाळ कैक वर्षं मोकळंच होतं.

"तुजा सासरा गेला ना, त्या दिवशी माज्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू व्हतं," त्या म्हणाल्या. "कुटं थांबला त्यो?"

मग मलमाची ट्यूब मागून घेतली आणि आपल्या खरखरीत बोटानं माझ्या कपाळाला लावली. पुढचे नऊ दिवसही त्यांनीच लावली.