पार्किंगच्या कडेचं विषारी झाड

सकाळी मी मक्याच्या भाकरीचं पीठ भिजवत होते. शेजारची एतेल्विनामावशी टेबलाशी बसून बडीशेप घालून उकडलेले चेस्टनट सोलत होती. तेवढ्यात दार वाजलं.

पालिकेतला पेलायो. खालच्या आळीतलाच, आता दोन मुलांचा बाप. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद.

"काकू, शेजारी म्हणून एक सही हवीय."

"आधी बस, खा."

तो सोललेले चेस्टनट खायला लागला आणि मी कागद वाचला. देवळामागच्या पार्किंगच्या कडेचा चेस्टनट. फळं विषारी, नागरिकांना धोका. सोमवारी तोडणार.

ते झाड मावशीचं. जमीन गावाची, पण आमच्या अस्तुरियासच्या डोंगरात गावाच्या जमिनीवर जो लावेल त्याचं झाड. लावलं तिच्या वडिलांनी, कलम बांधलं तिने, एकोणिसाव्या वर्षी. "पोरी, बाळाला दुपटं गुंडाळतेयस का?" म्हणून पुरुष कुंपणावर बसून खिदळले होते. पुढे त्यांनीच आपापली झाडं तिच्याकडून बांधून घेतली. नवरा कोळशाच्या खाणीतल्या अपघातात गेला, त्यानंतर दोन मुली तिने त्याच कलमाच्या सुरीवर वाढवल्या. या जातीची सहा गावांतली बाकीची झाडं मूळकुजीने गेली. उरलंय ते हे एकच.

मी कागद मोठ्याने वाचून दाखवला. मावशीने सुरी खाली ठेवली.

"पेलायो, किती खाल्लेस?"

"असतील आठ-नऊ. का?"

"त्याच झाडाचे आहेत. पोटात कळ येतेय?"

त्याचा घास तोंडातच राहिला.

"थांब गं, सही करू नकोस," मावशी मला म्हणाली. "याला मरायला वेळ लागतोय."

मग तिने त्याला दंडाला धरून झाडाखाली नेलं. मी पिठाच्या हातांनी मागोमाग.

"पान बघ. सुटं, लांब, कडेला करवतीचे दात. विषारी असतो तो कडू चेस्टनट, त्याची पाच-सात पानं एका देठावर, पंज्यासारखी. हे बोंड बघ, साळिंदर नुसतं! त्याच्या बोंडाला तुरळक काटे, तेही बोथट. याच्या बीला टोकाशी शेंडी असते. ते विषारी बी गुळगुळीत टकलं, तुझ्या साहेबासारखं."

पेलायोला हसू आलं, आणि लाजही वाटली. त्याने तिथूनच साहेबांना फोन लावला. बराच वेळ नुसतं "हो साहेब, हो साहेब."

"साहेब म्हणतात, चूक झाली. झाड खाण्याचं आहे," तो मान खाली घालून म्हणाला. "पण तोडायचंच. काटेरी बोंडं गाड्यांवर पडतात. आणि सावलीसाठी नवी झाडं येऊनही पडलीत."

त्याच्या गाडीत मागे गोणपाटाखाली रोपं होती. मी गोणपाट उचललं. एका देठावर सात पानं, पंज्यासारखी.

माझं डोकंच फिरलं. पन्नास वर्षं गावाला खाऊ घातलेल्या झाडावर विषाचा आळ घ्यायचा, आणि त्याच जागी खरं विष आणून लावायचं! कचेरीत बसून तोडायच्या झाडांची यादी करणाऱ्याने एकदा तरी मान वर करून पान पाहिलं होतं का? एक बोंड तरी फोडलं होतं? "सांग तुझ्या साहेबाला, माझी सही मिळणार नाही!" मी ओरडलेच.

"सही नसली तरी सोमवारी येतील, काकू. मी थांबवू शकत नाही. दिवस मागेपुढे करायला सांगू शकतो, तेवढंच."

मावशी ओरडली नाही. खोडावर हात ठेवून ती त्याला म्हणाली, "मग तेवढंच सांग. आत्ता ऑक्टोबरात काडी काढली तर कलम जगत नाही, झाड हिवाळ्यात झोपलेलं लागतं. फेब्रुवारीपर्यंत थांबा. मला दुसरीकडे कलम बांधायला दहा काड्या कापून घेऊ द्या."