झालंच समजा

कारखान्यात कुजबुज अशी होती, की भावना शेठची खबरी आहे. रोज सहाचा भोंगा झाला की फळ्याचा फोटो काढते, शेठला धाडते, आणि कोणाला घरी बसवायचं ते शेठ त्या फोटोवरून ठरवतो म्हणे. चहावाल्या गोजरबाईच्या चहात साखर कमी पडायची, बातमीत कधी पडली नाही.

भावना तीर्थपुरीच्या भिवा गवंड्याची मुलगी. डिप्लोमा करून जालन्यातल्या या कारखान्यात कामांच्या नियोजनाला लागली. इथं बियाणं चाळायची यंत्रं बनतात. शेठनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मोठं यंत्र पंचवीस तारखेला गाडीत चढलं तर तुम्ही पक्क्या. न्हाई तर रस्ता मोकळा."

तिनं दाराशी पांढरा फळा टांगला. काम, तारीख, करणाऱ्याचं नाव. उशीर झाला की नावाखाली लाल रेघ. आठवड्यात सगळ्यांत जास्त रेघा कोणाच्या? बद्रीनाथ मिस्त्रीच्या. मस्तगडचा माणूस, अठ्ठावीस वर्षांची नोकरी, आणि मिशी तिच्याहून जुनी.

"मॅडमताई, यंत्र हातानं बनतं, फळ्यानं न्हाई," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "माझ्या डोक्यात सगळं बराबर हाये."

"मंग मोटर बसली का, मामा?"

"झालंच समजा."

हा कारखान्याचा लाडका शब्द. जोडणी झालंच समजा, रंग झालंच समजा. भावना बिचारी समजत राहिली. अठरा तारखेला यंत्राजवळ जाऊन पाहते, तर मोटरीच्या जागी नुसतं भगदाड.

निघाली होती भांडायला, पण मिस्त्रीशेजारी उकिडवी बसली. "मामा, माझं समजणं कमी पडून राह्यलं. तुमच्या 'झालंच समजा'त नेमकं राह्यलं काय?"

बद्रीनाथनं पाना खाली ठेवला. हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. "मोटर स्टोअरात हाये. वसंताला मागावी लागंल. आन् त्याच्याशी मी बोलत न्हाई."

कारण मोठं गंभीर. स्टोअरवाल्या वसंताच्या पोरीच्या लग्नात मिस्त्रीला फेटा बांधायचा राहून गेला होता.

भावनानं हसू गिळलं. फळ्यावरची नावं पुसली, लाल रेघाही पुसल्या आणि नवा रकाना आखला, 'झालंच समजा'. त्यात माणसाचं नाव नाही, अडलेल्या वस्तूचं. पेन मिस्त्रीच्या हातात दिला. "बोलू नका त्यांच्याशी. लिहा."

त्यानं इकडंतिकडं बघत लिहिलं, 'मोटर'. दुपारी वसंता आला, चष्मा चढवून वाचलं आणि खाली लिहिलं, 'आठ दिवसांपासून बांधून ठेवली आहे. माणूस पाठवा.' त्याखाली मिस्त्रीचं वाकडं अक्षर उमटलं, 'मीच येतो.'

मग रंगाऱ्यानं थिनर लिहिलं, वेल्डरनं पत्रा. दोन दिवसांत रकाना पुरेना.

यंत्र सव्वीस तारखेला गाडीत चढलं. शेठ म्हणाले, "एक दिवस उशीर."

बद्रीनाथ पुढं झाला. "तो दिवस माझ्या नावावर मांडा, शेठ. मागचं यंत्र दीड महिना रखडल्तं, तवा कुठं होता फळा?"

शेठ हसले. भावना पक्की झाली.

राहिली फोटोची गोष्ट. शेठला एकही फोटो कधी गेला नाही. लाल रेघांच्या दिवसांत बद्रीनाथ सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन फळा पुसायचा, आणि पुन्हा लिहून काढायला तिला नक्कल लागायची.