देसातली सोयरीक

आमच्या बाबूजींना एक तरी मुलगी देसात द्यायची होती. देस म्हणजे राजस्थान. आमचे पणजोबा नागौरकडून निघाले आणि कापसाच्या व्यापारापायी दिग्रसला येऊन टेकले, त्याला आता चार पिढ्या झाल्या. बाबूजी स्वतः त्या गावी एकदाच गेले, तेही जावळ काढायला. त्यांना तिथलं काय कपाळ आठवणार? पण इकडे लाइट गेली की म्हणणार, आपल्या देसात असं नसतं, तिकडे पाणी गोड, माणसं गोड. मी एकदा म्हटलं, पाणी तर तिकडे टँकरचं असतं म्हणे. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

थोरल्या दोघी बहिणी अमरावतीला आणि पुसदला देऊन झाल्या होत्या. उरले मी, म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. खरं सांगायचं तर माझीही ना नव्हती. कॉलेजसाठी तीन वर्षं दिग्रस-यवतमाळ एसटीत धक्के खाल्ल्यावर माणूस कुठेही जायला तयार होतं.

समाजाच्या ग्रुपवरून स्थळ आलं. मुलगा जोधपूरचा, फरश्यांचा धंदा. तो आणि त्याची आई मला बघायला येणार असं ठरलं आणि आठ दिवस आमचं घर डोक्यावर उभं राहिलं. बाबूजींनी यवतमाळहून साफा आणला, लग्नात नवरदेवाला भाड्यानं मिळतो तो, तुऱ्यासकट. मम्मीला ताकीद दिली की ताटात इकडचा एकही पदार्थ दिसता कामा नये. केर-सांगरीची पुडी कुरिअरनं मागवली. ही तिकडच्या वाळवंटातली फळं आणि शेंगा, वाळवलेल्या. मम्मीनं ती जन्मात शिजवली नव्हती. तिचं माहेर वणीचं, तिला कुठून येणार?

मदतीला शेजारच्या चाची आल्या. त्यांच्या घरचं गॅरेज आमच्या भिंतीला लागून आहे आणि आमचं कुठलंही कार्य चाचींच्या हाताशिवाय पार पडत नाही. मम्मीनं भाजी तासभर पाण्यात भिजवली, फोडणीला टाकली, चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"कडू जहर झाली ना वो भाभी ही."

चाचींनी बोटावर घेऊन चाखली. "दान्याचा कूट टाक. कूट टाकला की कारलंबी गोड लागते."

"आन काया मसाला?"

"तो तं टाकच."

मी शेजारीच उभी होते. चकार शब्द काढला नाही, कारण वास झकास सुटला होता. केर रात्रभर ताकात भिजवतात, तेव्हा कुठे त्यांचा कडवटपणा जातो, हे आम्हाला फार पुढे कळलं.

पाहुणे आले. बाबूजी साफा चढवून दारात उभे, हात जोडलेले. म्हणाले, "खम्मा घणी सा." मुलाच्या आईनं आधी साफ्याकडे पाहिलं, मग बाबूजींकडे, आणि सावकाश म्हणाल्या, "जय श्रीकृष्ण, भाईसाहब." खम्मा घणी राजपूत लोक म्हणतात, आपल्या व्यापारी घरांत म्हणत नाहीत. पण बाबूजी ते टीव्हीवरच्या सिरियलमधून शिकलेले, आणि सिरियलवाले कशाला सांगतात?

बाबूजी दुकानात गिऱ्हाइकांशी अस्सल वऱ्हाडी बोलतात, पण आम्हा मुलींशी मारवाडीच. नियमच तो त्यांचा. आपल्या मारवाडीचा त्यांना भारी तोरा. त्या दिवशी त्यांनी मारवाडीत प्रवासाचं विचारलं, बाईंनी हिंदीत उत्तर दिलं. त्यांनी मारवाडीत पाऊसपाणी काढलं, पुन्हा हिंदी. मायलेक आपसांत मात्र मारवाडीच बोलत होते, भराभर, आणि मला ते निम्मंसुद्धा कळत नव्हतं. बाबूजींनाही कळत नसावं, कारण ते प्रत्येक वाक्याला हसून मान डोलवत होते. मला त्यांचा राग आला, आणि लगेच जीव तुटला.

ताटं वाढली. बाईंनी पहिला घास घेतला आणि हात थांबला.

"इसमें क्या डाला है?"

"कूट," मम्मी म्हणाली. मग घाबरून, "मूंगफली का."

बाईंनी ती वाटी अलगद ताटाच्या कडेला सरकवली. पोरगा मात्र बाट्यांवर तुटून पडला. मम्मीनं त्या आपल्या वरण-बट्टीसारख्या आधी वाफवून मग तळल्या होत्या, आणि सवयीनं बाजूला जवसाची चटणीही वाढली होती. नाकातून पाणी गळेपर्यंत खाल्ली त्यानं. मग मला विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? म्हटलं, भांडण वऱ्हाडीत, लाड मारवाडीत. तो हसला. बरा होता पोरगा.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. चाची मम्मीसोबत मेथी निवडत बसल्या होत्या. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून बाबूजींनी हौसेनं स्पीकर लावला. पलीकडून मुलाची आई बोलत होती.

"लड़की अच्छी है भाईसाहब, घर भी अच्छा है. पर हमें मारवाड़ी घर की चाहिए थी. आप लोग तो अब महाराष्ट्रियन हो गए."

माझं टाळकंच सरकलं. चार पिढ्या दिग्रसच्या बाजारात आम्ही मारवाडी. मास्तरांनी हजेरीत मारवाडी म्हटलं, मैत्रिणींनी भांडताना मारवाडी म्हटलं, आणि खऱ्या मारवाड्यांच्या दारात गेलो तर आम्ही मराठी. ना घर का ना घाट का.

"मंग आपन हाओ तरी कोन?" मम्मी म्हणाली.

"दिग्रसचे. अजून कुठचे?" चाची म्हणाल्या आणि पुढची जुडी ओढली.

बाबूजींनी फोन खिशात टाकला, दुकानात जायला चपला घातल्या, परत काढल्या. मी ओट्यावर बसले होते, तिथे येऊन बसले.

"तुले वाईट वाटलं काय, बाई?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. उभ्या जन्मात ते माझ्याशी पहिल्यांदा वऱ्हाडीत बोलले होते.

"नाही," मी म्हटलं. आणि खरंच, फारसं वाटलं नव्हतं.

"मले वाटलं," बाबूजी म्हणाले.