लाट थांबेपर्यंत

"दार उघडशील तर बघ! सगळं वाटोळं हुईल, लेका!"

प्रयोगशाळेतल्या काळोख्या खोलीतून विलास ओरडत होता आणि बाहेर मी आणि त्याची बायको, शालनवहिनी. सकाळपासून त्याचा डावा हात दुखत होता, घाम फुटला होता, तरी गडी कॉलेजात येऊन बसलेला. वहिनींचा फोन आल्यावर मी राजारामपुरीतून स्कूटर अशी हाणली, की वाटेतल्या म्हशीसुद्धा रांगेनं बाजूला झाल्या.

गगनबावड्याच्या या माझ्या मित्रानं अख्खी हयात यकृतात काढली. म्हणजे उंदराच्या. सुट्या केलेल्या पेशी जेमतेम दिवसभर जगतात. त्यांत कॅल्शियम भिडलं की चमकणारा रंग भरायचा आणि अंधारात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. उजेडाची तिरीप आली की प्रयोग मातीत. एकदा त्यानं मलाही आत बसवलं. "आता भ्या घालतो ह्यास्नी," म्हणाला, आणि ॲड्रेनालिन सोडलं. माणूस घाबरला की रक्तात उतरतं, तेच. काळ्या पेशीच्या कडेला ठिणगी पडली, उजेडाची लाट आरपार गेली... विझली... पुन्हा आली. पेशीत साठवलेलं कॅल्शियम उसळलं होतं. त्या इशाऱ्यावर यकृत साखर मोकळी करतं, पळायला बळ म्हणून. मी म्हटलं, "आणखी भ्या घाल, पंचगंगेच्या पुराएवढी उठू दे!"

तो हसला. "ती काय तुझी थाप हाय व्हय फुगायला? भ्या वाढलं की लाट उंच होत न्हाय गड्या. भराभरा यायला लागती."

त्या दुपारी मी दारातून विचारलं, "विल्या, हात कसा हाय?"

"हाय जाग्यावर. लाट चाललीया. थांबली की येतो."

मी दाराला हात लावला, तर वहिनींनी मनगट धरलं. बर्फासारखी बोटं. आतून त्याचं खाकरणं, खुर्चीचं करकरणं ऐकू येत होतं, तोवर आम्ही थांबलो. मग तेही थांबलं... मी हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा. मग लगेच. मग हाकेवर हाक, श्वास न घेता. शेवटी वहिनींनीच माझं मनगट सोडलं. दाराला कडी नव्हतीच. नुसतं लोटलेलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी शोधून शोधून त्याचा हात खाली ठेवला आणि विचारलं, "एवढं दुखत होतं, मग आणायला इतका उशीर का केलात?"

एरवी मी यमालाही गप्पांत गुंतवून परत धाडीन असं म्हणणारा. मी वहिनींकडं बघितलं.

वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या पेशी अजून जिवंत होत्या."