दहा-अकराचा पाना

खंडेनवमीच्या सकाळी वडिलांनी माझे सगळे पाने पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि बजावलं, "आज हत्याराला हात लावायचा न्हाई." वडील फौजेतून रिटायर झालेले, त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तासगावच्या आमच्या बेदाण्याच्या रिकाम्या शेडमध्ये माझी चाळीस वर्षं जुनी जपानी स्पोर्ट्स कार उभी होती. चार महिने खपून कार्बोरेटर बसवला होता. दहा-अकराच्या पान्याने दोन नट आवळायचे राहिले होते. फक्त दोन! हाताने पिळून बघितले, तर बोटं सोलून निघाली. वडिलांना त्या गाडीचा पहिल्यापासून राग. "हिच्यात एक पोतं मावत न्हाई," म्हणायचे.

दुपारी घर आडवं झाल्यावर मी चोरपावलांनी देवघरात गेलो. पाटावर झेंडू होता, सगळे पाने होते, फक्त दहा-अकराचा नव्हता. कुंकवात त्याचा लांबट ठसा तेवढा उरला होता.

शेडकडे पळालो. वडील बॉनेटमध्ये वाकलेले, बोटं कुंकवाने लाल. वर न बघता म्हणाले, "तुज्या आईला सांगू नगंस. बस आत, मार स्टार्टर."