होड्यावाले आणि आमचे मामंजी

लग्न होऊन नाशिकला आले, तेव्हा पहिल्याच रविवारी मी माझ्या सासऱ्यांना बागेतल्या तळ्यात उभं राहून शेवाळ काढताना पाहिलं. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्याला पंचा. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस! मनात म्हटलं, कुठे येऊन पडले बाई.

मग कळलं, हा त्यांचा क्लब. शिडाच्या छोट्या होड्या घरी बनवायच्या आणि दर रविवारी तळ्यात सोडायच्या. दहा-बारा बाप्ये होते. कोणी बँकेत, कोणी शिंपी, एक चित्रकलेचे मास्तर. खेळण्यातल्या होड्या म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. बागेचा माळी शेवाळाला हात लावत नसे, म्हणून आधी सगळ्यांनी मिळून तळं साफ करायचं, मग होड्या, मग मिसळ. दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पेट्या मिळवून त्यांच्या फळ्या तासायच्या, जुन्या छत्रीच्या कापडाचं शीड शिवायचं. आमच्या घरी रंध्याचा भुसा भाजीत यायचा. सासूबाई म्हणायच्या, "सवत आहे गं ही माझी. लाकडाची आहे म्हणून सोसते."

शर्यतीचा नियम एकच होता. वारा बघून शिडाची दोरी किती ओढायची, सुकाणू कुठे बांधायचं, ते ज्याचं त्याने होडी सोडण्याआधी ठरवायचं. एकदा हातातून सुटली की सुटली. मग काठावरून ओरडा, देव पाण्यात घाला, पण होडीला बोट लावायचं नाही. समोरच्या काठाला जी आधी टेकेल ती जिंकली. मामंजी आणि मास्तर यात पक्के वैरी, आणि वैरी म्हणजे जिवाभावाचे. रविवारी जो हरेल त्याला दुसरा आठवडाभर चिडवायचा, तेही भर बाजारात.

ऐंशी सालाच्या आसपास मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं जड झालं. माणसं भेटायला यायची आणि त्यांच्यादेखतच सासूबाईंना विचारायची, "आता कसं वाटतंय यांना?" जणू ते खोलीत नाहीतच. मामंजी भिंतीकडे बघत बसायचे. मला अशी चीड यायची, की चहात मीठ घालावं एकेकाच्या.

पण गडी हटणारा नव्हता. पावसाळाभर खाटेच्या पायाला सुतळी बांधून डाव्या हाताने गाठी मारत बसले. एक टोक दातात धरायचं, दुसरं बोटांत. मी पुढे झाले तर डोळे वटारायचे. "सूनबाई, हात नाही लावायचा." दसरा झाल्यावर एका रविवारी म्हणाले, "मला तळ्यावर ने."

रिक्षा करून नेलं. सगळ्यांनी धावत येऊन उतरवून घेतलं. मामंजींनी शीड बांधायला खूप वेळ घेतला. पण बांधलं. होड्या सुटल्या. आणि काय सांगू, मामंजींची होडी तिरकी-तिरकी, रखडत का होईना, पण निघाली. बाकीच्यांच्या होड्यांना काय धाड भरली होती कोण जाणे! एक जागच्या जागी गोल फिरतेय, एक शीड फडफडवत उभी, एक परत आमच्याच काठाला आली. मामंजींची होडी पहिली. टाळ्यांचा नुसता कडकडाट. माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

मामंजी मात्र हलले नाहीत. वेळूच्या काठीने त्यांनी मास्तरांची होडी जवळ ओढली आणि सुकाणूची दोरी बघितली. मग शिंप्याची बघितली. जड जिभेने एकेक शब्द काढत म्हणाले, "माझा हात गेलाय. डोळे नाही गेले."

झालं होतं असं, की प्रत्येकाने आपल्या मनाने, दुसऱ्याला न सांगता, आपली होडी बिघडवून ठेवली होती. एकाने केलं असतं तर खपूनही गेलं असतं. सगळ्यांनाच एकदम माया आली, हीच पंचाईत!

घरी येऊन मामंजींनी होडी कपाटावर टाकली आणि तळ्याचं नाव टाकलं. मला आधी त्यांचाच राग आला. माणसं इतकी जीव लावतात आणि ह्यांचा नाकावरचा राग जात नाही. एक दिवस तसं बोललेसुद्धा. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "लहान मुलाला असं जिंकू देतात. मला नाही."

खरंच होतं ते. भेटायला येणारी ती माणसं आणि हे होड्यावाले, दोघांनीही त्यांना हिशेबातून काढलं होतं. एकांनी वाईटपणाने, एकांनी चांगुलपणाने, एवढाच काय तो फरक.

पुढच्या रविवारी मी एकटी तळ्यावर गेले. सगळे शेवाळात उभे होते. मी काठावरून सुनावलं, "तुम्ही त्यांचे मित्र ना? मग दया कसली करता? दया करायला आमचे नातेवाईक पुरेसे आहेत." सुनेने असं बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. कोणी वर बघेना.

संध्याकाळी मास्तर घरी आले. माफी नाही, काही नाही. दारातूनच ओरडले, "काय रे, घाबरलास होय? येत्या रविवारी ये. तुझं नाक कापून हातात देतो की नाही बघ!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आजारी माणसाशी हे असं बोलणं? पण मामंजी खाटेवर ताठ बसले. म्हणाले, "सूनबाई, कपाटावरची होडी काढ."

त्या रविवारी कोणी कोणाला सूट दिली नाही. मास्तरांची होडी सपकन गेली, मागोमाग बाकीच्या. मामंजींची होडी मध्यावर जाऊन अडकली, वाऱ्यात डुलत राहिली. बारा माणसं काठावर उभी होती, पण कोणी काठीला हात लावला नाही. माझा जीव टांगणीला. खूप वेळाने, सगळ्यांच्या होड्या पुसून झाल्यावर, ती एकदाची काठाला लागली. मास्तर पोट धरून हसत होते, नको नको ते बोलत होते. आणि मामंजी त्यांना आपल्या त्या जड जिभेने शिव्या देत होते. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला.

घरी आलो तर सासूबाई दारातच. "काय झालं?"

"शेवटचा आलो," मामंजी छाती काढून म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं, आत गेल्या आणि देवापुढे साखर ठेवली.