हळदीच्या खळ्यावरची चाकं

माझी पहिली फळी माझ्यासाठी घेतलेली नव्हती. आतेभाऊ पुण्यात शिकायला होता. तिथं त्याला स्केटबोर्डचा नाद लागला आणि नोकरीसाठी परदेशी जाताना तो नाद त्यानं आमच्या परभणीच्या घरात, पलंगाखाली आणून ठेवला. "नीट सांभाळ," एवढंच म्हणाला. मी बारावीची परीक्षा देऊन रिकामी होते. सांभाळायची म्हणून फळी बाहेर काढली, ती पुन्हा पलंगाखाली गेलीच नाही.

सुरुवातीला मात्र वाटलं, हा खेळ आपल्या गावाचा नव्हे. आमच्या कॉलनीतल्या रस्त्यात डांबर कमी आणि खडीच जास्त. फळीवर उभं राहून पाय मारला की तळव्यापासून दातांपर्यंत सगळं खडखडायचं. हरभऱ्याएवढा खडा चाकाखाली आला तरी फळी जागच्या जागी थांबायची आणि मी एकटीच पुढं जायची. शेवटी आतेभावाला फोन केला. तो हसायलाच लागला. "अगं, ती कडक चाकं आहेत, गुळगुळीत फरशीवरची. तुझ्या रस्त्याला मऊ लागतील."

चाकांतही मऊ-कडक असतं हे मला तेव्हा कळलं. मऊ चाकं मागवली. ती आली त्याच संध्याकाळी मी कृषी विद्यापीठाच्या आतल्या रस्त्यावर गेले. बाबा तिथं कारकून, त्यामुळं गेटवरचे काका ओळखीचे. दोन्ही बाजूंना झाडं, रस्ता बरा, आणि पायाखाली खडखड नाही, नुसती सरसर. मी त्या रस्त्यानं उजेड असेपर्यंत ये-जा करत राहिले. तेव्हापासून मला सामानाचं जे वेड लागलं, ते अजून उतरलेलं नाही.

वेड म्हणजे किती? फळी सव्वाआठ इंच रुंदीचीच पाहिजे, साडेआठवर माझे पाय हरवतात. पुढचा एक स्क्रू निळा, बाकीचे काळे, म्हणजे पुढचं टोक कुठलं हे खाली न वाकता कळतं. पाय घसरू नये म्हणून वर चिकटवलेला खरबरीत कागद झिजला तर चालतो, पण त्याला सुरकुती पडलेली नको. दुसरं कुणी माझ्या फळीवर उभं राहिलं की मला चपलेत खडा गेल्यासारखं व्हायचं. आई म्हणायची, "स्वतःच्या वह्यांना इतकं जपलं असतंस तर पहिली आली असतीस."

हे सगळं एकटीचं खूळ आहे असं मी धरून चालले होते, तोवर कॉलेजात ती भेटली. ती चुडाव्याची. रोज सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला यायची. बारावीपर्यंत नांदेडला मावशीकडं राहिली होती, तिथं शेजारच्यांची जुनी फळी तिला मिळाली होती. कॉलेजच्या सायकल स्टँडजवळ माझ्या काखेत फळी बघून ती सरळ माझ्याकडं आली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. फळी उलटी करून बघितली आणि म्हणाली, "इतके कशाला आवळून ठेवलेस गं ट्रक? ही वळते तरी का?"

ट्रक म्हणजे फळीखालचे धातूचे दोन आस, ज्यांना चाकं बसवलेली असतात. ते आवळले की फळी सरळ, भरवशानं धावते. ढिले सोडले की नुसत्या अंगाच्या झोकावर वळते. मी आवळणारी, ती ढिलं सोडणारी. आमची मैत्री या एका भांडणावर वाढली. मी तिच्या फळीवर उभी राहिले तर डुलत्या नावेत उभं राहिल्यासारखं वाटायचं. ती माझ्या फळीवर उभी राहून तोंड वाकडं करायची. "हे काय स्केटबोर्ड हाय? हा तर देवापुढचा पाट हाय."

एकदा तिच्याबरोबर मी पॅसेंजरनं चुडाव्याला निघाले होते. डब्यात आमचा वाद रंगलेला. ती म्हणाली, "मी तर माझे ट्रक ढिलेच ठेवते बाबा, कुणी काय बी म्हणो." समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी फार आदरानं विचारलं, "किती गाड्या हायत तुमच्या घरी, बाई?" ती जराही न हसता म्हणाली, "एकच हाय, आजोबा. पण लय पळते." मी खिडकीबाहेर तोंड केलं ते पूर्णा येईपर्यंत वळवलं नाही.

तिची वेडं निराळी होती. बुटांच्या नाड्या खरबरीत कागदावर घासून तुटायच्या, म्हणून ती गोणी शिवायची सुतळी नाडीसारखी ओवायची आणि पुढं नव्या नाड्या मिळाल्या तरी सुतळीच वापरायची. कागदाची कड ती ब्लेडनं कापायची नाही, आईच्या विळीवर कापायची आणि आईच्या शिव्या खायची. चाकांतली बेअरिंग पेट्रोलमध्ये धुऊन, जुन्या धोतराच्या फडक्यावर वाळवून, शिलाई मशिनचं तेल एकेक थेंब. हे काम चालू असताना तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालायचं नाही.

चुडाव्यात मात्र फळी फिरवायला जागा नव्हती. स्टेशनचा फलाट होता, पण तिथं कोण फिरू देणार? गावातला रस्ता काळ्या मातीचा, पावसाळ्यात रस्ता आणि रान यात फरक राहायचा नाही. त्या वर्षी तिच्या वडिलांनी घरामागं सिमेंटचं खळं करायला काढलं. मी त्यांना काका म्हणायची. हळद आणि सोयाबीन ही त्यांची पिकं. शिजवलेली हळद मातीवर वाळवण्यापेक्षा पक्क्या खळ्यावर वाळवली तर माल स्वच्छ राहतो, म्हणून ते खळं.

खळ्याचं काम सुरू होतं तेव्हा मी नेमकी तिच्या घरी होते. गवंडी खरबरीत हात फिरवून मोकळा होणार होता. ती वडिलांजवळ गेली. "अण्णा, वरून घोटून घ्या ना. काचेवानी. आन कडंला तो ट्रॉलीचा उतार हाय ना, तो सावकाश उतरता करा. मधी धार नको."

गवंडी म्हणाला, "मालक, घोटून काय करता? पावसात लय निसरडं होईल. बैल घसरंल एखांदा."

काका खाली बसले होते, ते तसेच बसून म्हणाले, "बैल कशाला येतोय खळ्यावर? पोरी येणार हायत. घोट."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, तुम्हाला आमचं हे खूळ वाटत नाही?"

त्यांनी ओसरीवर टेकवलेली कुऱ्हाड दाखवली. "तिचा दांडा बाभळीचाच लागतो मला. माझ्या मुठीच्या मापाचा. दुसऱ्या कुणी ती वापरून आणून ठिवली तर हातात घेतल्याबरोबर कळतंय मला, आन डोकं फिरतंय. ज्याच्यावर आपला जीव, त्याचं समदं आपल्या मनापरमानं लागतंय. त्यात खूळ काय?"

खळं तयार झालं. त्यावर ओली पोती अंथरून पाणी मारत राहिले, तोवर आम्हाला पाय ठेवायची बंदी. मग एका रविवारी सकाळी काका म्हणाले, "चला, बघू द्या कसं झालंय." आयुष्यात मी इतक्या गुळगुळीत जमिनीवर उभी राहिले नव्हते. पलंगाखाली पडलेली कडक चाकं मी मुद्दाम बरोबर नेली होती, ती बसवली. पाय मारला आणि फळी जी निघाली ती खळ्याच्या दुसऱ्या टोकाशीच थांबली. आम्ही दोघी हसत होतो, ओरडत होतो. तिची आई स्वयंपाक सोडून दारात आली. काकांनी घंगाळातलं पाणी घेऊन चूळ भरली आणि रानात गेले. पण जाताना मागं वळून पाहिलं, ते मी बघितलं.

सोयाबीन उचललं की हळद निघेपर्यंत खळं आमचं, असा करार झाला. दर रविवारी मी पॅसेंजरनं जायची. दुपारी मावशी, म्हणजे तिची आई, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा वाढायची. हळदीचा हंगाम उलटून गेला तरी खळ्याच्या बारीक भेगांत पिवळी पूड राहायची, तिनं आमची पांढरी चाकं कायमची पिवळी करून टाकली.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत तिनं मला एकदाचं पटवलं. "एक डाव ढिले करून तर बघ. एकच डाव." मी माझे ट्रक ढिले केले आणि उतारावरून निघाले. फळी डावीकडं कलली, मी घाबरून उजवीकडं झोक दिला, ती आणखी थरथरली. पुढचं मला आठवतं ते सिमेंटवर टेकलेला हात आणि आतून आलेला कट् असा आवाज.

काकांनी मोटारसायकल काढली. मधे मी, मागं मला धरून ती. परभणीच्या दवाखान्यापर्यंत तिनं माझा हात जरासुद्धा हलू दिला नाही. मनगट मोडलं होतं. प्लास्टर झालं. आई-बाबा आले. आई माझ्याकडं बघून रडली आणि डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "ती फळी आता या घरात नको."

काका तिथंच उभे होते. पुढं होऊन म्हणाले, "वहिनी, पडली ती माझ्या खळ्यावर. खळं गुळगुळीत मी करून घेतलं. बोलायचं असंल तर मला बोला, पोरीला नगा बोलू."

बाबांनी काकांना हात धरून बाकावर बसवलं आणि चहा मागवला. त्या चहावर दोघं जण हळदीच्या वाणाबद्दल बोलत राहिले. फळीचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. फळी मैत्रिणीकडं चुडाव्यालाच राहिली.

प्लास्टरचे दिवस लांबले. आई रोज माझी वेणी घालायची, भात कालवून द्यायची, आणि माझी चिडचिड ऐकून घ्यायची. एका दुपारी बघते तर ती मशिनवर काहीतरी शिवत होती. जुन्या गोधडीच्या जाड तुकड्यांचे मनगटाला बांधायचे पट्टे होते ते, आत फोम घातलेले. माझ्याकडं न बघता म्हणाली, "जाशीलच तू. माहीत आहे मला. बांधून जा."

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मैत्रीण घरी आली. हातात कापडात गुंडाळलेली फळी. मी कापड सोडलं. नवा काळा कागद, एकही सुरकुती नाही, कड विळीवर कापलेली. बेअरिंगमधली हळद धुऊन काढलेली. निळा स्क्रू जागच्या जागी. आणि ट्रक आवळलेले. नुसते आवळलेले नव्हते, आत नवे कडक रबर घालून, माझ्या पद्धतीपेक्षाही जरा जास्तच बंदोबस्तानं.

"तुला कसं कळलं एवढं आवळायचं ते?" मी विचारलं.

ती म्हणाली, "रोज उभी राहून बघत होते. थोडं आवळायचं, उभं राहायचं. आवळायचं, उभं राहायचं. जव्हा मला अगदीच देवाच्या पाटावर चढल्यावानी वाटलं, तव्हा म्हणलं आता हिला आवडंल." आणि मग खालच्या आवाजात, "माझ्या नादानं पडलीस गं तू."

मी तिला म्हणाले, पडले ती माझ्या घाबरण्यानं. पण ते तेवढं महत्त्वाचं नव्हतं. माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. जे तिला मुळीच पटत नव्हतं, ते तिनं माझ्यासाठी इतकं नीट करून ठेवलं होतं. आपली आवड दुसऱ्याला पटवणारी माणसं पुष्कळ भेटतात. स्वतःला न पटलेली दुसऱ्याची आवड जपून त्याच्या हातात देणारी मला तोवर भेटली नव्हती. मी फळीवर उभी राहिले. खोलीतल्या खोलीत, आई बघत असताना. पाय बरोबर बसले.

आता ती पुण्यात नोकरी करते. तिथं खास स्केटिंगसाठी बांधलेली जागा आहे, तिथं जाते. मी गंगाखेडच्या एका शाळेत शिकवते. शाळेचं बास्केटबॉलचं मैदान सिमेंटचं आहे. सकाळी मुलं यायच्या आधी मी तिथं फिरते. मुख्याध्यापिकांनी पहिल्याच आठवड्यात बघितलं. मी थांबले, तर त्या म्हणाल्या, "बाई, साडी नेसून करू नका म्हणजे झालं." असली माणसं मला सगळीकडं कशी भेटत गेली, कळत नाही.

यंदा जानेवारीत काकांचा फोन आला. "हळद अजून रानातच हाय. खळं मोकळं पडलंय. ती न्हाई म्हणून तू यायचं सोडलंस का काय?" मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. त्या रविवारी गेले. तिच्याशिवाय त्या घरी जाण्याची ती पहिलीच वेळ. ओसरीवर जरा अवघडून बसले, तर मावशी म्हणाली, "पाव्हण्यावानी काय बसलीस? जा, फिरून ये. तवर भाकरी करते."

मी खळ्यावर उतरले. काकांनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल माझ्याकडं धरून उभे राहिले. कॅमेरा मात्र उलटा होता, त्यामुळं तिकडं बापाचा चेहरा दिसत होता आणि इकडून नुसता चाकांचा आवाज जात होता. मी एक फेरी मारून आले. मोबाइलमधून ती म्हणाली, "मागचं डावं चाक कोरडं पडलंय तुझं. तेल घाल."

मी फळी उलटी केली, चाक फिरवून बघितलं. खरंच कोरडं होतं. काकांनी मावशीला हाक मारली, "मशिनचं तेल आण गं." आणि आम्ही तिघं ओट्यावर बसून, मोबाइल हंड्याला टेकवून, तिच्या सूचना ऐकत एकेक थेंब घालत बसलो. भाकरी निवून गेल्या. मावशीनं त्या पुन्हा तव्यावर टाकल्या.